'विकृत' हे निदान नव्हे

एखादा अमानुष खून झाला की संध्याकाळच्या चर्चेत कुणीतरी 'विकृत मानसिकता' म्हणतोच. सूत्रसंचालक मान डोलावतो आणि जाहिराती लागतात. हे दोन शब्द मीही लेखांत बिनदिक्कत वापरले आहेत, तेव्हा आधी माझाच कान धरतो. त्याने खून का केला? विकृत आहे म्हणून. विकृत कशावरून? खून केला म्हणून! ही शिवी आहे, मानसशास्त्र नव्हे.

पण पूर्वपक्ष इतक्या स्वस्तात निकालात काढू नये. त्याचं भारदस्त रूपही आहे: गुन्हेगाराची घडणच मुळात वेगळी असते. इटलीचा डॉक्टर चेझारे लोंब्रोसो याने १८७६ मध्ये ग्रंथ लिहून जन्मजात गुन्हेगार कवटीवरून आणि जबड्यावरून ओळखण्याचा दावा केला. आपल्याकडे सरकार त्याच्याही पुढे होतं. १८७१ च्या कायद्याने जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरवायची सोय केली. पुढे सोलापुरात तारेच्या कुंपणाआड सेटलमेंट उभी राहिली. तिथे रोज हजेरी. हजेरी चुकली की शिक्षा, म्हणजे आणखी एक गुन्हा नोंदवला गेला आणि सिद्धान्ताला आयता पुरावा मिळाला. यातल्या एकाही माणसाच्या मनात कुणी डोकावलं नव्हतं. ३१ ऑगस्ट १९५२ ला या जमाती विमुक्त झाल्या, तरी गावात चोरी झाली की पोलिसांची नजर आधी पारध्यांच्या पालांकडेच वळते.

आता कवटीची जागा यंत्राने घेतली आहे. २००८ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका खून खटल्यात मेंदूच्या विद्युतलहरींची चाचणी पुराव्यात धरली. दोन वर्षांनी सेल्वी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नार्को, पॉलिग्राफ आणि ही चाचणी सक्तीने करायला मनाई केली. बरं केलं.

उलट टोकाचा आक्षेप असा की मानसशास्त्र ही आरोपीची पळवाट आहे. भारतीय दंड संहितेचं जुनं कलम ८४, आताच्या न्याय संहितेतलं कलम २२, वाचलं तर ही भीती उरत नाही. नुसतं आजाराचं नाव पुरत नाही. आपण काय करतोय किंवा ते चूक आहे, हे त्या क्षणी कळतच नव्हतं असं आरोपीला दाखवावं लागतं.

मग मानसशास्त्राचं खरं काम कोणतं? रमण राघवचंच पाहा. १९६८ मध्ये मुंबईत फुटपाथवर आणि झोपड्यांत निजलेल्यांना मारणारा हा माणूस पकडला गेला, तेव्हा सुरुवातीला तो तोंडच उघडेना. खायला कोंबडी दिली, तेव्हा बोलायला लागला. पोलीस सर्जनला त्याच्यात वेडाची लक्षणं दिसली नाहीत. सत्र न्यायालयाने फाशी सुनावली. पुढे उच्च न्यायालयाच्या आदेशावरून तीन मनोविकारतज्ज्ञांचं मंडळ नेमलं गेलं. ते त्याला पाच वेळा भेटले, दर खेपेला सुमारे दोन तास. शेवटच्या भेटीत निरोप घेताना त्यांनी हात पुढे केला, तर याने तो नाकारला. आपण 'कानून'चे प्रतिनिधी आहोत, दुष्ट दुनियेतल्या माणसांना शिवत नाही, असं त्याचं म्हणणं. निदान झालं स्किझोफ्रेनियाचं. फाशीची जन्मठेप झाली, पण सुटका नाही. १९९५ मध्ये ससून रुग्णालयात तो कैदी म्हणूनच मेला.

इथे स्पष्टीकरण मिळालं, माफी नव्हे. आणि ते मिळालं समोर बसून तासन्‌तास ऐकल्यामुळे.

अर्थात बहुतेक गुन्हेगार रमण राघव नसतात, आणि बहुतेक मनोरुग्ण कुणाच्या केसालाही धक्का लावत नाहीत. सरळ डोक्याची माणसं गुन्हा कसा करतात, हा प्रश्न मला जास्त मोलाचा वाटतो. साइक्स आणि मात्झा या अमेरिकी अभ्यासकांनी १९५७ मध्ये दाखवलं की गुन्हेगाराला नीती ठाऊक असते. तो स्वतःपुरती सवलत काढून घेतो. 'सगळेच खातात.' 'तिनेच डोकं फिरवलं.' 'त्यांचा विमा होता, कुणाचं काय गेलं?' ही वाक्यं तुरुंगातच ऐकू येतात असं नाही. कचेरीत, सोसायटीच्या सभेत आपणही ती म्हणतो.

मे २०२२ मध्ये 'मनोज विरुद्ध मध्य प्रदेश राज्य' या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की फाशीची शक्यता असेल तिथे आरोपीच्या मानसिक तपासणीचा अहवाल खटल्याच्या टप्प्यावरच यावा. तो फाशीपुरताच का? जन्मठेपेच्या प्रत्येक खटल्यात तो मागवा. आणि वाहिन्यांवरच्या तज्ज्ञांनो, ज्याला कधी भेटला नाहीत त्याचं निदान करणं आजपासून थांबवा.