आडनावाची किंमत

नागपूरच्या लेखिका कुमुद पावडे २०२३ साली निवर्तल्या. १९८१ साली प्रसिद्ध झालेले त्यांचे ‘अंतःस्फोट’ आज पुन्हा वाचावयास हवे. साहित्यगुणांसाठी तर खरेच, परंतु त्यात मांडलेल्या एका हिशेबासाठी अधिक.

महार कुटुंबात जन्मलेल्या कुमुद सोमकुवर यांनी संस्कृतात एम. ए. केले. शाळेत गोखले गुरुजींनी त्यांना मनापासून शिकविले, याची नोंद त्यांनी कृतज्ञतेने केली आहे. नोकरीच्या दारात मात्र पदवीपेक्षा जात मोठी ठरली. पुढे आंतरजातीय विवाहाने ‘पावडे’ हे आडनाव लाभले आणि शासकीय महाविद्यालयात नेमणूक झाली. पदवी तीच, विद्वत्ता तीच. नोकरीचे श्रेय सोमकुवरांचे नव्हे, पावड्यांचे, असा निर्वाळा लेखिकेनेच दिला आहे.

बाजारात गुणाला आपोआप मोल मिळते, असे सांगणाऱ्या अर्थशास्त्राला हा अनुभव निरुत्तर करतो. सरकारी जागा कंत्राटी होऊ लागल्या असता तो भूतकाळात ढकलून चालणार नाही. कंत्राटदाराच्या यादीत आरक्षणाची हमी उरत नाही आणि अन्यायाविरुद्ध दाद मागणेही कठीण होते. वर्धा जिल्ह्यातील नाचणगावची एखादी शेतमजुराची मुलगी उद्या पदवी घेऊन अर्ज करील, तेव्हा प्रथम काय वाचले जाणार, गुण की आडनाव?

रिक्त जागा नियमित भराव्यात, भरती उघडपणे आणि आरक्षणासह व्हावी, ही मागणी म्हणूनच लावून धरली पाहिजे. शिकण्याचा हक्क कुमुदताईंनी झगडून मिळविला. शिक्षणाचे मोल मिळण्याचा हक्क अद्याप मिळवावयाचा आहे.