टाकीखालच्या बाटल्या

मैत्रिणींनो, या खेपेला पत्र आलंय ते ठाण्याहून. लिहिणाऱ्या भगिनीचं नाव देत नाही, कारण मजकूर घरातला आहे. यजमानांना माशांची हौस. आधी गोड्या पाण्याची टाकी होती, दीड वर्षापूर्वी खाऱ्या पाण्याची दोनशे लिटरची आली, तीत मासे आणि प्रवाळ. टाकीखालच्या कपाटात अकरा बाटल्या. यजमान आठवडाभर फिरतीवर गेले आणि जाताना सांगून गेले, ‘रोज पांढऱ्या आणि निळ्या झाकणाच्या बाटलीतलं दोन-दोन झाकणं घाल.’ पहिले दोन दिवस पाहुण्यांच्या गडबडीत राहून गेलं. तिसऱ्या दिवशी बाईंनी मागची भरपाई म्हणून सहा-सहा झाकणं लागोपाठ, एकाच कोपऱ्यात ओतली. पाणी ताकासारखं पांढरं झालं, दोन प्रवाळ आक्रसले ते उमललेच नाहीत. आता घरात जो तो म्हणतो, ‘तुझ्या हातून मेले.’ ‘ताई, माझं नेमकं काय चुकलं?’ असं त्या विचारतात.

तुमच्या हातून झालं खरं, पण चूक निम्म्याहून अधिक सांगणाऱ्याची आहे. अशा दोन बाटल्यांच्या जोडीत एकीत बहुतेक कॅल्शियम क्लोराइड असतं आणि दुसरीत सोडा. दोन्ही दाटपणी एकमेकांना भेटले की खडूची पूड तयार होते. पांढरं दिसलं ते हेच. एक बाटली घातल्यावर दुसरी निदान पाऊण तासाने, आणि तीही जिथे पंपाचं पाणी वेगाने वाहतं तिथे घालायची, एवढं सांगायला हवं होतं. आणि राहिलेली मात्रा एकदम भरून काढायची नसते. आपण रक्तदाबाची चुकलेली गोळी दुसऱ्या दिवशी दुप्पट घेतो का? प्रवाळाला कमी मिळालेलं दोन दिवस चालतं, एका तासात झालेला बदल चालत नाही.

आता अकरा बाटल्यांपैकी खरोखर लागतात किती? दगडी प्रवाळ म्हणजे इवलेसे जीव, ते पाण्यातला चुना ओढून अंगाखाली सांगाडा बांधतात. त्यासाठी त्यांना मुख्यतः तीन गोष्टी लागतात. कॅल्शियम, लिटरला साधारण ४०० ते ४५० मिलिग्रॅम. मॅग्नेशियम १२५० ते १३५०. हे कमी पडलं तर कॅल्शियम पाण्यात टिकत नाही, खडू होऊन बसतं. तिसरी अल्कलिनिटी, म्हणजे पाण्यातला सोड्याचा अंश. दुकानदार तो डीकेएच नावाच्या अंशांत मोजतात. समुद्रात सुमारे ७ असतो, टाकीत ७ ते ११ चालतो. तिघांत सर्वांत लवकर हलणारी हीच, म्हणून नजर ठेवायची ती हिच्यावर.

बाकीच्या आठ बाटल्या? आयोडिन, स्ट्रॉन्शियम, लोह, आणखी काय काय. दर आठवड्याला दहावा हिस्सा पाणी, म्हणजे तुमच्या टाकीत वीस लिटर, बदललंत तर चांगल्या सागरी मिठातून हे सगळं पुरेसं येतं. आयोडिन तर जास्त झालं की अपाय करतं. माझा सरळ नियम असा: ज्याची चाचणी आपण करत नाही, ते ओतायचं नाही. यजमानांना राग आला तर येऊ दे.

मात्र ‘सागरी मीठ’ म्हणून वाण्याकडचं खडे मीठ घेऊ नका. मिठागरात पाणी आटतं तेव्हा चुन्याचे क्षार आधीच तळाला बसतात आणि मॅग्नेशियम मीठ काढून उरलेल्या कडू पाण्यात राहून जातं. आपल्या हाती येतं ते जवळजवळ निव्वळ मीठच. आणि टाकीतलं पाणी उन्हा-वाऱ्याने आटतं तेव्हा मीठ आत तसंच राहतं, म्हणून रोजची भर गोड्या पाण्याची घालायची.

ते गोडं पाणी कुठलं? आरओचं, पण पिण्याच्या आरओत चवीसाठी थोडं साधं पाणी किंवा खनिजं परत मिसळलेली असतात. क्षार मोजायची छोटी कांडी मिळते, तिच्यावर शून्याच्या जवळ आकडा यायला हवा. आणि तांब्याच्या हंड्या-कळशीतलं पाणी चुकूनही नको! आपल्याला ते गुणकारी वाटतं, प्रवाळ आणि कोळंबीला तांबं म्हणजे विष. माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांवरच्या कित्येक औषधांत तांबं असतं. ती वेगळ्या टाकीत द्यावीत.

मोजमाप कसं करायचं ते सांगते. चार दिवस काहीही घालू नका. सुरुवातीला आणि पूर्ण चार दिवस उलटल्यावर, एकाच वेळेला, अल्कलिनिटी तपासा. समजा ८.५ वरून ७.५ झाली, तर रोजचा खप पाव अंश. शंभर लिटरला एक अंश वाढवायला तीन ग्रॅम खायचा सोडा लागतो, म्हणजे तुमच्या टाकीला रोज दीड ग्रॅम. एवढं बारीक वजन स्वयंपाकघरातल्या काट्यावर कळत नाही, म्हणून साठ ग्रॅम सोडा आरओच्या पाण्यात विरघळवून एकूण एक लिटर करून ठेवा आणि रोज त्यातलं २५ मिली घाला. मुलांच्या औषधाबरोबर येणारी मापाची टोपी इथे कामाला येते. खायचा सोडाच बरं का, बेकिंग पावडर नव्हे. तिच्यात आम्ल आणि पीठ असतं. एका दिवसात एक अंशापेक्षा जास्त चढवायचं नाही.

दुसरा मार्ग तर आपल्या आजीच्या ओळखीचा आहे: चुन्याची निवळी! दुकानात तिला ‘काल्कवासर’ म्हणतात, जर्मन भाषेत त्याचा अर्थ चुन्याचं पाणीच. लिटरभर आरओच्या पाण्यात दीड ग्रॅम शुद्ध विरीचा चुना घालायचा, बरणी झाकून ठेवायची, नाहीतर वर साय धरते. गाळ खाली बसला की वरचं नितळ पाणी रात्री थेंबथेंब टाकीत सोडायचं, रोजच्या गोड्या पाण्याच्या भरीऐवजी. कॅल्शियम आणि अल्कलिनिटी दोन्ही प्रवाळाला लागतात त्याच प्रमाणात मिळतात. मॅग्नेशियम तेवढं वेगळं पाहावं लागतं. पण ही निवळी कडक असते, हात भाजतात, भसकन ओतली तर मासे दगावतात. आणि पानाच्या डबीतला चुना नको, त्यात काय मिसळलेलं असतं सांगता येत नाही.

ताई, तुमच्या पत्रात प्रवाळ कुठल्या जातीचे ते लिहिलेलं नाही. मऊ, मांसल जातीचे असतील तर चार दिवसांत आकडा जेमतेम हलेल. मग पाणी बदललं की पुरे, सगळं कपाटच मोकळं करता येईल. दगडी जातीचे असतील तर यजमानांना पावती आणि परवान्याचे कागद विचारा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ पासून दगडी प्रवाळ आहेत. मालवणच्या किंवा दुसऱ्या कुठल्या आपल्या समुद्रातून ते काढणं, विकणं, विकत घेणं हा गुन्हा आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर परदेशातून आलेल्या अनेक संरक्षित जीवांचीही नोंद करावी लागते. बाटल्यांच्या आधी हा प्रश्न घरात निघायला हवा होता.

ते दोन प्रवाळ इतक्यात फेकू नका. नुसता रंग उडाला म्हणजे मेलं असं नव्हे. कुजका वास येत नसेल आणि कडेला थोडा जरी मांसल भाग दिसत असेल, तर त्यातून ते पुन्हा पसरू शकतं. पंधरा दिवस दर तीन दिवसांनी वीस लिटर पाणी बदला. नवं पाणी आदल्या दिवशी कालवून, तितक्याच उबेचं आणि तितकंच खारट करून घ्या. दुसरं काही घालू नका. आणि यजमान पुन्हा फिरतीवर निघतील तेव्हा कुठली बाटली, किती मिली, किती वाजता, हे त्यांच्याच अक्षरात कागदावर लिहून घ्या आणि तो कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवा.