भाड्याचे घर सोडताना

एप्रिल-मे हे आपल्या किनारपट्टीवर घर बदलण्याचे दिवस. परीक्षा आटोपलेल्या असतात, आखातातली माणसे सुट्टीवर आलेली असतात आणि पावसाच्या आत सामान हलवायचे असते. मुरूड, श्रीवर्धन, म्हसळ्याकडची कितीतरी कुटुंबे मुलांच्या शिक्षणासाठी अलिबाग, पनवेल, तळोजा येथे भाड्याने राहतात. पुढे परदेशातली कमाई आणि घरातले दागिने एकत्र करून स्वतःचा फ्लॅट घेतात. अल्लाहची मोठी मेहरबानीच ती. पण नेमक्या याच वेळी घरमालकाशी बिनसते. वर्षभर ईदला एकमेकांकडे शीरखुर्मा पाठवणारी दोन घरे डिपॉझिटवरून बोलेनाशी होतात. शाळेत पालकांशी बोलताना आम्हाला हे वारंवार ऐकायला मिळते. बहुतेक वेळा कोणाची नियत वाईट नसते. घोळ तारखेचा असतो.

आपण ज्याला अकरा महिन्यांचे ॲग्रीमेंट म्हणतो, तो 'लिव्ह अँड लायसन्स' करार. वर्षाच्या किंवा त्याहून मोठ्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची, म्हणून अकरा महिन्यांची रीत पडली. पण महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे असा करार लेखी आणि नोंदवलेलाच हवा, मुदत कितीही असो. नोंदवून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे. "घरातलेच आहोत, कागद कशाला?" असे म्हणणाऱ्यांनी सूरह बकराची २८२ वी आयत आठवावी. कुरआनातली ही सर्वांत मोठी आयत मुदतीचा उधार व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आणि साक्षीदार ठेवण्याबद्दल आहे. लिहून ठेवणे म्हणजे अविश्वास नव्हे.

आता नोटिशीकडे येऊ. मुदतीच्या आधी घर सोडायचे असेल, तर करारात लिहिलेल्या दिवसांची नोटीस द्यावी लागते. बहुधा ती एक महिन्याची असते. काही करारांत 'लॉक-इन'ची अट असते, म्हणजे ठरलेले महिने भरल्याशिवाय घर सोडता येत नाही. मुदत पूर्ण झाल्यावर मात्र करार आपोआप संपतो. तेव्हा नोटीस हवी की नको, हे करारातच पाहावे. लिहिलेले नसले तरी दोन महिने आधी मालकाला कळवणे, हा शेजारधर्म आहे. नागाव, काशीद, दिवेआगरकडे घरमालक पर्यटकांच्या हंगामाचा हिशेब धरून असतात. एखाद्या विधवा खालाचे घर त्या भाड्यावरच चालत असते. आपण ऐनवेळी निघालो, तर तिची खोली पावसाळाभर रिकामी राहते.

खरी अडचण दुसऱ्या बाजूने येते. बिल्डर म्हणतो, "मेअखेर ताबा." भाडेकरू त्या शब्दावर मालकाला सांगून टाकतो. मालक नवीन माणूस ठरवतो, त्याच्याकडून बयाणाही घेतो. मग ताबा ऑगस्टवर जातो. आता मुलाबाळांसह ऐन पावसात जायचे कुठे? म्हणून भाडेकरू बसून राहतो आणि वाटते, भाडे तर देतोच आहोत. पण त्याच कायद्याचे कलम २४ सांगते की मुदत संपूनही घराचा ताबा न दिल्यास करारातल्या भाड्याच्या दुप्पट दराने भरपाई द्यावी लागू शकते. भाडे ८,००० रुपये असेल, तर तीन महिन्यांचे २४,००० नव्हे, ४८,००० होतात.

म्हणून आमचे सांगणे एवढेच : घर सोडण्याची तारीख बिल्डरच्या तोंडी शब्दावर ठरवू नका. भोगवटा प्रमाणपत्र मिळाले आहे का, पाणी आणि वीज जोडली आहे का, हे पाहा. किल्ली हातात आली की मगच पक्की तारीख द्या. तोपर्यंत मालकाला खरी स्थिती सांगा : "घर घेतले आहे, ताबा लांबू शकतो, आणखी तीन महिने मिळतील का?" मालक राजी असेल, तर जुनी मुदत संपण्याआधी तेवढ्याच महिन्यांचा नवा करार नोंदवा. भाड्याच्या कराराला मुद्रांक शुल्क एकूण रकमेच्या पाव टक्काच लागते. मालक राजी नसेल, तर वेळेवर घर रिकामे करणे हेच आपले कर्तव्य. एक महिना दोन्ही घरांचा खर्च सोसावा लागेल, असे धरूनच बजेट करावे. रेरा कायदा, २०१६ प्रमाणे नोंदणीकृत करारातली ताब्याची तारीख उलटली, तर ग्राहकाला बिल्डरकडे व्याज मागता येते. ती रक्कम घ्यावी का, हे आपल्या आलिमांना विचारावे.

नोटीस लेखी द्या. मोबाइलवर पाठवली तरी एक प्रत सहीनिशी पोच घेऊन ठेवा. शेवटच्या महिन्यांचे भाडे "डिपॉझिटमधून कापून घ्या" असे परस्पर ठरवू नका. दोघांची संमती असेल तरच तसे करा. निघताना वीजमीटरचे रीडिंग आणि खोल्यांचे फोटो घ्या, किल्ली दिल्याची पावती घ्या.

मालकांनाही दोन शब्द. डिपॉझिट ही तुमच्याकडची अमानत आहे, कमाई नव्हे. समुद्राच्या खाऱ्या हवेने ग्रिल गंजते, पंख्यावर डाग पडतात, पावसात भिंतीचा रंग सुटतो. हा भाडेकरूचा दोष नाही. बेसिन फुटले, दार मोडले, तर जरूर कापा. पण बिल दाखवून. आणि बाकीची रक्कम किल्ली मिळेल त्याच दिवशी परत करा, कारण त्याच पैशांतून त्याला टेम्पोचे भाडे द्यायचे असते.

दिलेल्या वचनाबद्दल विचारणा होईल, असे सूरह बनी इस्राईलच्या ३४ व्या आयतीत बजावले आहे. भाड्याचा करारही वचनच. नमाज-रोजा अल्लाहचा हक्क. पण माणसाचा बुडवलेला हक्क त्या माणसानेच माफ करावा लागतो. नव्या घरात कुरआनख्वानी ठेवण्याआधी जुन्या घराचा हिशेब चुकता करावा, खालाचा सलाम घ्यावा आणि तिची दुआ सोबत घेऊन निघावे.