कडी वाजली की मागे



आमच्या घरी कुत्रा आहे हे कळले की काही पाहुणे पायरीवरच थबकतात. म्हणून खुलासा आधीच करतो. रत्नागिरी जिल्ह्यात आमची आंबा-काजूची लहानशी बाग आहे आणि घर बागेतच आहे. दिवसा वानरे येतात, रात्री रानडुकरे. शिकार, गुरे आणि शेतीची राखण यांसाठी कुत्रा ठेवण्याची मुभा हदीसमध्ये आहे. नुसत्या हौसेसाठी नाही. आमचा शेरू हौसेचा नाही. आंब्याचा हंगाम संपला, नेपाळी राखणदार मे अखेरीस आपल्या गावी गेला आणि त्याने भाकरीच्या तुकड्यांवर वाढवलेला हा तांबूस गावठी कुत्रा आमच्याकडे राहिला. झोपायला पडवीबाहेर गोणपाट, खायला वेगळी थाळी. घरात प्रवेश नाही.

शेरू राखणीला पक्का. पण त्याला एकच खोड होती. फाटकाची कडी वाजली की तो धावत यायचा आणि आत येणाऱ्याच्या अंगावर दोन्ही पाय टाकायचा. त्यात राग नव्हता, उलट आनंदच होता. पण पावसाळ्यात ओल्या कुत्र्याचा हा आनंद आम्हा शाफई घरात फार महाग पडतो. ओले अंग कपड्याला लागले की कपडा सात वेळा धुवायचा, त्यातले एकदा माती मिसळलेल्या पाण्याने. जुलैमध्ये आमच्या न्हाणीघरात कपड्यांपेक्षा माती जास्त दिसू लागली.

आणि मग ती पहाट आली. अब्बा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. विजेरी घेऊन फजरसाठी मशिदीत निघाले होते. छत्री विसरली म्हणून फाटकातून परत फिरले. कडी वाजली, शेरू झेपावला आणि चिऱ्याच्या शेवाळलेल्या पायरीवरून अब्बांचा पाय सरकला. अल्लाहचे शुक्र, कोपर खरचटण्यावर निभावले. कपडे बदलेपर्यंत जमात मात्र गेली. चहाच्या वेळी अब्बा शांतपणे म्हणाले, "माझी हाडं आता परीक्षा द्यायच्या वयाची नाहीत. महिनाभरात तो शिकला तर ठीक. नाहीतर बंदराकडे सोडून या, मासळीवर जगेल."

मुलांनी त्या दिवशी नाश्ता केला नाही. बंदरावरच्या कुत्र्यांची टोळी नव्या कुत्र्याचे काय करते, ते त्यांनी पाहिले होते.

बांधून ठेवावे, तर रात्रीची राखण कोण करणार? रात्री मोकळा आणि फजरला बांधलेला, हे रोज कोण सांभाळणार? म्हणजे शिकवणे आले. काय शिकवायचे तेही स्पष्ट होते: कडी वाजली की पुढे न येता पाच पावले मागे सरकायचे आणि तिथेच थांबायचे.

पहिले चार दिवस आम्ही तेच केले जे कोणीही करेल. छातीला काठी टेकवून मागे ढकलले. तो उलट जोर लावून पुढे आला. ढकलले की जनावर आपला तोल सावरायला पुढेच रेटते. ओरडलो, तर त्याला वाटले खेळ सुरू झाला. एकदा आमच्या मुलाने काठी उगारली. त्या दिवशी शेरू मागे गेला खरा, पण पोट जमिनीला लावून, शेपूट पायांत घालून. आणि संध्याकाळी काठी टेकत येणाऱ्या अब्बांवर तो पहिल्यांदा भुंकला. मार काय शिकवतो, ते त्या भुंकण्यात स्पष्ट ऐकू आले.

आम्ही शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो. बी.एड.ला अध्ययनाच्या उपपत्ती पाठ केल्या होत्या: थॉर्नडाइकची मांजरे, पावलोवचे कुत्रे, स्किनरचे उंदीर आणि कबुतरे. परीक्षा झाली आणि सारे वहीत राहिले. ती वही आता माळ्यावरून काढली. स्किनरने 1951 साली प्राण्यांना कसे शिकवावे यावर सामान्य वाचकांसाठी एक लेख लिहिला होता. त्यातली युक्ती साधी आहे. हवी असलेली कृती पूर्ण होण्याची वाट पाहू नका. तिच्या दिशेने झालेली अगदी छोटी हालचाल पकडा, त्याच क्षणी एक ठरावीक आवाज करा आणि लगेच खाऊ द्या. आवाजासाठी त्याने टिकटिक करणारे खेळणे सुचवले होते. आम्ही जिभेने 'टक' केले.

मागे चालणे कुत्र्याला जड का जाते, हेही लक्षात आले. त्याला मागे जायचे असेल तर तो सरळ वळतो आणि पुढे चालतो. मागच्या पायांकडे त्याचे फारसे ध्यानच नसते. म्हणून वळायला जागाच नको. पडवीची भिंत आणि रचलेला लाकूडफाटा यांच्यामध्ये आम्ही शेरूच्या अंगापेक्षा थोडी रुंद गल्ली केली. तो आत आला की आम्ही समोर उभे राहायचो आणि त्याच्या दिशेने अर्धे पाऊल टाकायचो. हात लावायचा नाही.

खाऊ म्हणून कोंबडीच्या उकडलेल्या काळजाचे हरभऱ्याएवढे तुकडे घेतले. पण तो हातून भरवायचा कसा? लाळ लागली की हात सात वेळा धुणे आले. म्हणून आम्ही चिमट्याने तुकडा त्याच्या पुढच्या दोन पायांच्या मध्ये, किंचित पोटाकडे, जमिनीवर टाकू लागलो. आणि गंमत पाहा, तुकडा तोंडात घ्यायला शेरूला मान खाली घालून एक पाय मागे घ्यावाच लागला! तुकडा नाकाच्या वर धरला असता तर तो खाली बसला असता. डोक्यावरून मागे फेकला असता तर वळला असता. पाकीची खबरदारी आणि शिकवण्याची रीत एकाच ठिकाणी येऊन भेटली.

पहिल्या दिवशी नुसते अंग मागे झुकले तरी 'टक' आणि तुकडा. तिसऱ्या दिवशी एक पाऊल, आठवड्याच्या शेवटी सरळ तीन पावले. एका वेळी दोन-तीन मिनिटेच, दिवसातून तीनदा. कंटाळायच्या आत आम्हीच थांबायचो. हुकला तर शिक्षा नाही, फक्त खाऊ नाही.

शब्दावरून घरात वाद झाला. अब्बा 'हट' म्हणत, मुले 'मागे', आम्ही 'पीछे'. एका विद्यार्थ्याला तीन शिक्षकांनी तीन भाषांत एकच हुकूम दिला तर तो काय करणार? शेवटी 'मागे' ठरले. तोही शब्द आम्ही आठवडाभर उच्चारला नाही. कृती जमली, मगच तिला नाव दिले.

दहाव्या दिवशी आम्ही हुरळलो. गल्ली सोडून थेट फाटकावर गेलो, अब्बांना बाहेर उभे केले आणि कडी काढली. शेरूने अब्बांच्या धुतलेल्या लेंग्यावर दोन पंजे उमटवले. अब्बा काही बोलले नाहीत. फक्त कॅलेंडरकडे पाहिले.

चूक शेरूची नव्हती. गल्लीत शिकलेला धडा फाटकावर आपोआप येत नाही. एकदम तीन गोष्टी बदलल्या होत्या: जागा, आवाज आणि माणूस. आम्ही पुन्हा खालच्या इयत्तेत गेलो. आधी लाकूडफाटा थोडा थोडा कमी केला. कंबर एका बाजूला वळू लागली, तशी दोन दिवस पुन्हा भिंतीचा आधार दिला. मग बंद फाटकासमोर. मग नुसती कडी वाजवून लगेच 'मागे'. मग फाटक वीतभर उघडून. मग बाहेर मुलगी, मग शेजारी आणि सर्वांत शेवटी अब्बा. तो झेपावला की फाटक बंद. चारही पाय मागे गेले की फाटक उघडे. काही दिवसांनी शब्द लागेनासा झाला. कडी वाजली की शेरू आपणच मागे सरकू लागला.

सव्विसाव्या दिवशी, भर पावसात, अब्बा फजरहून परतले. आम्ही पडवीत श्वास रोखून उभे होतो. कडी वाजली. शेरूचे सगळे अंग पुढे यायला थरथरत होते, शेपूट थांबत नव्हते. पण पाय मागे गेले. एक, दोन, तीन, चार, पाच. फणसाखाली तो थांबला. अब्बा कोरड्या, पाक कपड्यांनी पायऱ्या चढले. वर येऊन त्यांनी भाकरीचा तुकडा मागितला आणि स्वतः त्याच्या पायांमध्ये टाकला.

मग म्हणाले, "कहफवाल्यांचा कुत्राही गुहेच्या उंबऱ्यावरच होता. आत नाही, पण त्यांना सोडूनही नाही." बंदराचा विषय त्यानंतर निघाला नाही.

सूरह माइदाच्या चौथ्या आयतीत शिकवलेल्या शिकारी जनावरांचा उल्लेख आहे. अल्लाहने माणसाला जे शिकवले, त्यातूनच माणूस त्यांना शिकवतो, असा तिथला आशय आहे. ही आयत आम्ही अनेकदा वाचली होती. पण त्यात शिकवणाऱ्यावरही जबाबदारी येते, हे या पावसाळ्यात उमगले.

एक कबुली देऊन थांबतो. आमच्या सहावीच्या वर्गात एक मुलगा आहे. मोठ्याने वाचताना अडखळतो. गेले वर्षभर आम्ही त्याला उभे करून पूर्ण परिच्छेद वाचायला लावत होतो आणि 'पुढे, पुढे' म्हणत होतो. वर्ग हसायचा, तो आणखी अडखळायचा. ज्या सबुरीने एका कुत्र्याचे एकेक पाऊल मोजले, ती त्या लेकराच्या वाट्याला आली नव्हती. ऑगस्टपासून आम्ही त्याच्याकडून मधल्या सुट्टीत, एकट्यात, एकच ओळ वाचून घेतो. ओळ झाली की 'शाबास' म्हणतो आणि पुस्तक मिटतो. परवा पुस्तक मिटायला गेलो, तर त्याने पानावर हात ठेवला. म्हणाला, "सर, अजून एक वाचू?"

दुआ करा. आणि तुमच्या घरातल्या कडीचा आवाज कोणाला कोणत्या दिशेने नेतो, तेही एकदा ऐकून पाहा.