बर्फाचा भरवसा

बांगडा खाल्ल्यावर तासाभरात चेहरा लालबुंद झाला, डोके ठणकू लागले, अंगाला खाज सुटली की घरात निदान ठरलेले असते: मासळीची अॅलर्जी. गोळी घेतली जाते, दुसऱ्या दिवशी बरे वाटते, विषय संपतो. अनेकदा ती अॅलर्जी नसतेच. बांगडा, कुपा, तारली यांच्या मांसात हिस्टिडीन हे अमिनो आम्ल भरपूर असते. पकडलेला मासा काही तास उन्हात राहिला की जिवाणू त्यापासून हिस्टामिन बनवतात, आणि वरची लक्षणे त्यातूनच येतात. पुढे तो बर्फात ठेवा, गोठवा किंवा कडकडीत तळा. एकदा तयार झालेले हिस्टामिन नाहीसे होत नाही. पुष्कळदा वासही येत नाही. खाणाऱ्याचे दुखणे बोटीवर किंवा धक्क्यावरच ठरून गेलेले असते.

फ्रिजवरचा आपला विश्वासही तपासून घ्यायला हवा. फ्रिज जिवाणूंना मारत नाही, बहुतेकांची वाढ मंदावतो. लिस्टेरिया हा जिवाणू तर चार अंशांनाही सावकाश वाढत राहतो. नीट शिजवले की तो मरतो; पण पाकीट फोडून थेट खाल्ल्या जाणाऱ्या उकडलेल्या कोळंबीला किंवा धुरी दिलेल्या माशाला पुन्हा आच लागत नाही. गरोदर स्त्रीला त्यातून किरकोळ ताप येतो आणि गर्भ मात्र दगावू शकतो. लक्षणे कधी कधी काही आठवड्यांनी दिसतात. तोवर काय खाल्ले होते, हे कोणाला आठवणार?

समुद्राच्या पाण्यातच राहणाऱ्या व्हिब्रिओ पॅराहिमोलिटिकस या जिवाणूची ओळख जगाला १९५० साली जपानमध्ये ओसाका परिसरात पटली. अर्धवट वाळवलेल्या बारीक मासळीतून २७२ जण आजारी पडले, २० जण दगावले. याच जिवाणूचा पुढे खंडोखंडी पसरलेला वाण १९९६ मध्ये कोलकात्यात पुढे आला. हा धोका आपल्यासाठी परका नाही.

उपाय काय, हे आपल्याला ठाऊक आहे. १९९७ मध्ये ते सिद्धही झाले. युरोपीय संघाने अस्वच्छतेच्या कारणावरून भारतीय मासळीची आयात थांबवली आणि निर्यातदारांनी प्रक्रिया केंद्रे सुधारली. पिण्यायोग्य पाण्याचा बर्फ, तापमानाच्या नोंदी, प्रयोगशाळेतील चाचण्या, सगळे उभे राहिले. युरोपातल्या ग्राहकासाठी जे जमले, ते दादर आणि मडगावच्या ग्राहकासाठी का जमू नये? इथली मासळी उघड्या टेम्पोतून, कुठल्या पाण्याचा ते माहीत नसलेल्या बर्फाखाली येते. उद्योगांसाठीचा बर्फ ओळखू यावा म्हणून त्यात निळा रंग मिसळण्याचा आदेश महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ मध्ये काढला. त्याच वर्षी गोव्यात मासळी टिकवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या फॉर्मेलिन या रसायनावरून रान उठले. चर्चा रसायनाची झाली, पण चांगला बर्फ पुरेसा आणि परवडणारा नसेल तिथेच रसायनाचा मोह होतो, हे मागे पडले.

याचा राग पाटी घेऊन बसलेल्या कोळणीवर काढणे अन्यायाचे आहे. तिला मिळेल तो बर्फ ती वापरते. सरकारने प्रत्येक मासेमारी बंदरावर पिण्यायोग्य पाण्याचा बर्फ रास्त दरात द्यावा, लिलावाला सावलीचे छप्पर द्यावे, विक्रेत्या महिलांना थंडावा टिकवणाऱ्या पेट्या अनुदानावर द्याव्यात. मासळीतून झालेल्या विषबाधेची नोंद डॉक्टरांनी पालिकेच्या आरोग्य विभागाला कळवण्याची पद्धत सुरू करावी. आणि तपासणी पथकांनी कामाची सुरुवात बर्फाच्या कारखान्यांपासून करावी. बाजारातल्या पाट्यांकडे त्यानंतर वळावे.