सातव्या महिन्याच्या आधी

आमच्या वऱ्हाडात सुनेला सातवा महिना लागला की सगळं घर जागं होतं. अमरावती असो की अकोला, हिरवी साडी येते, फुलांचे दागिने येतात, झोपाळा सजतो, पाच सवाष्णी ओटी भरतात. वाट्यांखाली पेढा की बर्फी हा खेळ होतो. सुनेच्या आवडीनिवडी जन्मात पहिल्यांदा विचारल्या जातात. मला हा सोहळा मनापासून आवडतो आणि तो बंद करा असं मी मुळीच म्हणणार नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की कौतुकाला आपण फार उशिरा सुरुवात करतो. हे मी मनाने सांगत नाही. आपल्याच महाराष्ट्रात झालेलं संशोधन तसं सांगतं.

आशाताईंच्या पिशवीत लोहाच्या गोळीबरोबर जे फॉलिक ॲसिड असतं, त्याची गोष्ट मुंबईत सुरू झाली. १९२८ साली ल्युसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टर मुंबईला आली. गिरणीत काम करणाऱ्या गरीब गरोदर बायकांना होणारा एक जीवघेणा रक्तक्षय तिने अभ्यासला. हाफकिन संस्थेत काम करून १९३१ साली तिने दाखवून दिलं की यीस्टच्या अर्काने, म्हणजे मार्माईटने, हा आजार बरा होतो. त्या अर्कातलं औषधी द्रव्य म्हणजेच पुढे सापडलेलं फोलेट. १९४१ मध्ये ते पालकाच्या पानांतून वेगळं काढलं आणि लॅटिनमध्ये पानाला जो शब्द आहे त्यावरून त्याला नाव मिळालं. म्हणजे हे औषध मुळात पालेभाजीतलंच.

आता पुढचं नीट वाचा. बाळाच्या मेंदूची आणि मज्जारज्जूची नळी गर्भ राहिल्यापासून साधारण २८ दिवसांत मिटते. तोवर पुष्कळ बायकांना दिवस गेल्याचं कळलेलंही नसतं. ज्यांना आधी असा दोष असलेलं मूल झालं होतं अशा बायकांची एक मोठी आंतरराष्ट्रीय चाचणी १९९१ साली प्रसिद्ध झाली. गर्भ राहण्याआधीपासून फॉलिक ॲसिड घेतलं तर तो दोष पुन्हा होण्याचं प्रमाण जवळजवळ तीन चतुर्थांशाने घटतं, असं त्यात दिसलं. सातव्या महिन्यात पालकाची भाजी जरूर वाढा, बाळाच्या वाढीला आणि आईच्या रक्ताला ती हवीच. पण या दोषापुरती ती वेळ केव्हाच टळलेली असते.

पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर बायकांचा अभ्यास केला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोच्या आसपास भरली, इंग्लंडमधली साडेतीनच्या. पण ही बारकी बाळं नुसती बारकी नव्हती. हाडामांसाने कमी आणि चरबीने त्या मानाने जास्त, अशी त्यांची घडण होती. आपल्याकडे मधुमेह एवढा का, याचा एक धागा तिथे सापडतो. ज्या आया पालेभाज्या, फळं आणि दूध जास्त वेळा घेत, त्यांची बाळं चांगल्या वजनाची होती.

मग मुंबईच्या झोपडपट्ट्यांत २००६ ते २०१२ या काळात साडेसहा हजारांहून अधिक बायकांवर एक प्रयोग झाला. निम्म्या बायकांना गर्भ राहण्याच्या आधीपासून पालेभाजी, फळं आणि दूध घालून केलेला खाऊ रोज दिला. सगळ्यांचा मिळून विचार केला तर बाळांच्या वजनात ठळक फरक पडला नाही. पण ज्यांनी गर्भ राहण्याआधी निदान तीन महिने तो खाल्ला, त्यांच्या बाळांचं वजन सरासरी ४८ ग्रॅमने वाढलं. गरोदरपणातला मधुमेह १२.४ टक्क्यांवरून ७.३ टक्क्यांवर आला. आणि ज्या बायका मुळातच फार अशक्त होत्या, त्यांच्या बाळांना वजनात फायदा झाला नाही. म्हणजे आधी पोट भरलेलं असायला हवं, मग वरचा खाऊ कामी येतो.

हे वाचलं की मेळघाट आठवतो. १९९३ साली तिथल्या बालमृत्यूंनी सगळा महाराष्ट्र हादरला. त्यानंतर योजना आल्या. २०१५ पासून आदिवासी भागात गरोदर आणि स्तनदा मातांना रोज एक वेळचा चौरस आहार देणारी अमृत आहार योजनाही आली. चांगलीच गोष्ट आहे. पण तिचीही सुरुवात दिवस राहिल्यावरच. धारणी-चिखलदऱ्याची पोरगी त्याआधी अठरा-वीस वर्षं काय खाते, हा प्रश्न उरतोच.

आणि शहरातल्या आपल्या घरांनी फार मान वर करू नये. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक बायकांना रक्तक्षय आढळला. आपल्या घरातली सून आजही सगळ्यांची पानं वाढून शेवटी बसते, आणि तेव्हा भांड्यात भाजीचा रस्साच उरलेला असतो. हळिवाचे, डिंकाचे लाडू बाळंतिणीसाठी. त्याआधी मात्र 'जास्त खाल्लं त पोर मोठं होते, अन् मंग बायतपन अडते' हा सल्ला! हा सल्ला देणाऱ्या आजीबाई दुष्ट नसतात. अडलेली बाळंतपणं त्यांनी डोळ्यांनी पाहिलेली असतात. पण पोटभर खाऊ न घालणं हा त्यावर इलाज नाही, वेळेवर दवाखाना गाठणं हा आहे.

कुणी म्हणेल, आमच्या वेळी कुठे होतं हे, आम्ही जगलोच ना? जे जगले तेच हे म्हणायला उरलेत. माझ्या पिढीतल्या कुठल्याही घरात विचारा, न जगलेल्या एखाद्या भावंडाची आठवण निघतेच.

पुरुषांनाही यातून सुटका नाही. शुक्रजंतू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात आणि तंबाखूने त्यांचा कस घटतो. मूल होत नाही म्हणून सुनेला दवाखाने दाखवायचे आणि मुलाच्या गालातला खर्रा मात्र तसाच ठेवायचा, हे बरं नव्हे.

करायचं काय, तर खर्चाचं काहीच नाही. पत्रिका जुळवता तसं लग्नाआधी दोघांचंही रक्त तपासा. मूल हवं असं ठरलं की डॉक्टरांना विचारून फॉलिक ॲसिड सुरू करा. उन्हाळ्यात चिवळ, थंडीत हरभऱ्याची भाजी, एरवी अंबाडी, सगळं आपल्या बाजारात मिळतं. वरुड-मोर्शीची संत्री देशभर जातात, त्यातली दोन घरात राहू द्या, कारण संत्र्याने भाजीतलं लोह अंगी लागायला मदत होते. जेवल्याबरोबर चहा नको, त्याने उलटं होतं. आणि सुनेला पहिल्या पंगतीला बसवा.

येत्या लग्नसराईत आपल्या नात्यातल्या तीन-चार घरांत नव्या सुना येणार आहेत. हे त्यांच्या सासवांनी वाचावं, आणि पटलं नाही तर माझ्याशी खुशाल भांडावं. भांडण सुनेच्या सातव्या महिन्याच्या आधी झालं म्हणजे झालं.