कागदावरचे केस, डोक्यावरचा टोप

चित्रकाराला केस उभे करायला एक रेघ पुरते. तीच केशरचना माणसाच्या डोक्यावर उभी करायची, तर रात्री जागवाव्या लागतात. जपानी कार्टूनपटांतल्या पात्रांसारखं नटण्याच्या छंदाला ‘कॉसप्ले’ म्हणतात. पोशाख काय, शिंपीही शिवून देईल; खरी परीक्षा केसांचीच!

ओसामु तेझुका यांचा ‘ॲस्ट्रो बॉय’ १९५२ साली अवतरला. तो कुठेही वळला तरी त्याच्या केसांची दोन्ही टोकं दिसतात. कागदावर हे खपून जातं. खऱ्या टोपात मात्र बाजूने पाहिलं, की एक टोक दुसऱ्यामागे लपणारच. म्हणून जाणकार मंडळी छायाचित्र कोणत्या बाजूने निघणार ते आधी ठरवतात आणि त्या बाजूने रचना साधतात.

‘ड्रॅगन बॉल’मधल्या गोकूचे झुपके नुसत्या स्प्रेवर फार वेळ तग धरत नाहीत, वजनाने वाकतात. मग आत फोमचा हलका सुळका बसवून त्यावर केस चिकटवतात. साधे कृत्रिम केस ड्रायरच्या जास्त उष्णतेने वितळतात, म्हणून उष्णता सोसणारा टोप निवडावा लागतो. ‘सेलर मून’चे दोन अंबाडे गोळ्यांवर केस गुंडाळून जमतात, पण त्यांतून सुटणाऱ्या लांबलचक शेपट्या मान ओढतात.

तेव्हा तयार टोप घालून आधी तासभर घरात वावरावं. मान अवघडली, तर एखादा सुळका खुशाल कमी करावा. चित्रातल्या पात्राची मान दुखत नाही, आपली दुखते!